रोटाव्हायरसच्या जुलाबांमुळे मुलीला सिलिॲक झाला असेल का?

दोन_पिल्लांची_आई

नमस्कार, मी इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर माफ करा, पण कोणाशी बोलावं तेच कळत नाहीये.

माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे, आम्ही पुण्यात असतो. गेल्या महिन्यात तिला सिलिॲक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं तो आजार. टीटीजी, म्हणजे त्याची रक्ततपासणी, खूप वर आला, मग एन्डोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला त्यातही तेच. आता गहू, मैदा, रवा, बार्ली सगळं बंद, कायमचं. डॉक्टर चांगले आहेत, शांतपणे सांगितलं त्यांनी, पण बाहेर वीस जण बसलेले असतात, सगळं कुठे विचारता येतं.

तर जे डोक्यात घोळतंय ते सांगते. ती दहा महिन्यांची असताना, ऐन थंडीत, तिला भयंकर जुलाब-उलट्या झाल्या. दिवसाला पंधरा-सोळा वेळा, नुसतं पाणी. चार दिवस ॲडमिट होती, सलाईनसाठी पट्टीला बांधलेला तिचा तो इवलासा हात मला अजून दिसतो. शी तपासायला दिली त्यात रोटाव्हायरस आला. त्यातून उठली, पण आधीची राहिलीच नाही. वजन पुढे सरकेना, पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या, शी ढीगभर आणि घाण वासाची, दिवसभर किरकिर. जंताचं औषध झालं, दूध बंद करून झालं, दात येतायत म्हणून झालं, सासूबाईंनी दृष्ट काढली, टॉनिकं झाली, अशी तीन वर्षं गेली. शेवटी एका डॉक्टरांनी हिमोग्लोबिन ७ बघितलं आणि टीटीजी लिहून दिली.

आता नणंदेने कुठेतरी वाचलं की लहानपणी व्हायरस झाला तर त्यातून सिलिॲक होतो. आणि खरं सांगू का, तिचा रोटाच्या लसीचा फक्त पहिलाच डोस झालाय. दुसरा अडीच महिन्यांना द्यायचा होता तेव्हा कोविडची दुसरी लाट चालू, आमच्याच बिल्डिंगमध्ये चार पेशंट, आम्ही दाराबाहेर पाऊल टाकलं नाही, आणि मग राहिला तो राहिलाच. म्हणजे मी तेव्हा तिला नेलं असतं तर आज हे झालं नसतं का? सासूबाईंचं वेगळंच, त्या म्हणतात सहा महिन्यांची असताना रव्याचा शिरा भरवायला लागलीस तेव्हाच पोट बिघडलं तिचं. तोंडावर फार बोलत नाहीत पण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

अजून एक. धाकटा आता सात महिन्यांचा आहे. त्याला गहू सुरू करू का नको? हात धजत नाहीये. नाचणी आणि मऊ भातावरच ठेवलाय अजून.

बालडॉक_सोलापूर

ताई, सगळ्यात आधी तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो कारण त्यात काहीतरी करता येण्यासारखं आहे, बाकीचं मागाहून.

धाकट्याला गहू द्या. थोडा थोडा, रोजच्या खाण्यातला. पोळी वरणात कुस्करून चमचाभर, किंवा एखादा घास शिरा, पहिले काही आठवडे भरमसाट नको एवढंच. चार महिने पूर्ण झाल्यापासून वर्षाच्या आत कधीही सुरू केलं तरी चालतं असंच सध्या सांगितलं जातं. आणि इथेच तुमच्या सासूबाईंच्या शंकेचंही उत्तर आहे. २०१४ साली युरोपातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, दोन्ही अशाच घरांतल्या बाळांवर होत्या जिथे कोणालातरी सिलिॲक आहे. एकीत चार महिन्यांपासून ग्लुटेनचे अगदी लहान डोस देऊन बघितले, दुसरी इटलीतली, तिच्यात निम्म्या बाळांना सहा महिन्यांना आणि निम्म्यांना वर्षानंतर गहू दिला. पहिलीत पोरं तीन वर्षांची झाली तरी फरक दिसला नाही, आणि इटलीतल्या चाचणीत पाच वर्षांची होईपर्यंत फरक मिटून गेला होता. उशिरा दिलं म्हणून वाचलं असं झालं नाही, आईचं दूध चालू असताना दिलं म्हणून वाचलं असंही नाही. तेव्हा शिऱ्याने काही बिघडलेलं नाही. सासूबाईंना माझ्या नावाने सांगा हवं तर.

आता मुलीचं. सिलिॲक व्हायला दोन गोष्टी लागतातच लागतात, एक जीन आणि दुसरा ग्लुटेन. जीन म्हणजे एचएलए डीक्यू २ किंवा डीक्यू ८, आईबापाकडून आलेले. पण हे जीन असणं काही विशेष नाही, आपल्याकडे दर तिघांतल्या एकाकडे असतात आणि त्यातल्या मोजक्यांनाच आजार होतो. २०१६ साली देशातल्या तीन भागांतल्या लोकांची तपासणी छापून आली होती, त्यात उत्तरेत शंभरात एकापेक्षा थोडे जास्त सिलिॲकचे निघाले, दक्षिणेत हजारात एक. आणि जीन मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच लोकांत. उत्तरेत गहू जास्त खातात हे तर आहेच. पण एकाच गावात, एकाच घरात, तेच जीन आणि तीच पोळी खाणाऱ्या दोन भावंडांत एकाला होतो आणि एकाला नाही, हे मी स्वतः बघितलंय. म्हणजे मध्ये तिसरं काहीतरी असतं, आणि तिथे व्हायरसचं नाव येतं. त्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असणारे इथे आहेत, ते लिहितील.

पण एका पोरीच्या बाबतीत, हाच व्हायरस, याच जुलाबाने, असं बोट ठेवून कोणीच सांगू शकत नाही. असंही होतं की आजार आतून आधीच सुरू झालेला असतो आणि मोठे जुलाब झाले की तो उघडा पडतो. आणि असंही, की रोटानंतर आतड्याचं अस्तर इतकं सोलून निघतं की काही आठवडे दूधसुद्धा पचत नाही, घरच्यांना वाटतं जुलाब थांबलेच नाहीत. यातलं तुमच्याकडे काय झालं ते आता मागे जाऊन बघता येणार नाही.

आणि एक महत्त्वाचं, हे विसरू नका. घरातल्या सगळ्यांची टीटीजी करून घ्या, तुमची आणि मिस्टरांचीसुद्धा. सख्ख्या नात्यात धोका बराच वाढतो. आणि ती तपासणी होईपर्यंत घरच्यांचा गहू बंद करू नका!! पोरीसाठी म्हणून अख्खं घर ज्वारीवर जातं, मग रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो आणि आपण निर्धास्त होतो. धाकट्याची टीटीजी आत्ता करून उपयोग नाही, त्याच्या पोटात गहूच गेलेला नाही. त्याची एचएलए करता येईल, त्यात दोन्ही जीन नसतील तर त्याला सिलिॲक होण्याची शक्यता जवळपास संपली. असतील तर घाबरायचं नाही, दोन-तीन वर्षांचा झाला की टीटीजी, मध्ये वजन अडलं तर त्याआधी.

सूक्ष्मजीवी

मी पेशंट बघणारी डॉक्टर नाही, विषाणूंवर काम करते, त्यामुळे औषधपाण्याचं वरच्या डॉक्टरांचंच ऐका. पण व्हायरसचा जो धागा आहे तो सांगते, कारण नणंदेने वाचलं ते अगदीच हवेतलं नाही, फक्त अर्धंच आहे.

२०१७ च्या एप्रिलमध्ये सायन्स या नियतकालिकात एक काम आलं, शिकागो विद्यापीठाच्या बाना जाबरी आणि पिट्सबर्गचे टेरेन्स डर्मोडी यांच्या गटांचं. त्यांनी रिओव्हायरस घेतला. हा गमतीशीर विषाणू आहे, त्याच्या नावातल्या ओ चा अर्थच ऑर्फन, म्हणजे अनाथ, कारण तो सापडला तेव्हा त्याच्यामुळे कुठला आजार होतो हेच कोणाला दिसेना. बऱ्याच मुलांना लहानपणी होऊन जातो आणि आईबापांना पत्तासुद्धा लागत नाही. तर त्यांनी उंदरांना याचे दोन वाण दिले, दोन्ही आतड्यात वाढतात, दोन्ही शरीर साफ करून टाकतं. पण त्यातल्या एका वाणाच्या वेळी ग्लुटेन पोटात गेलं तर शरीर ग्लुटेनलाच शत्रू समजायला लागलं.

म्हणजे कसं, आपण रोज इतकं परकं अन्न खातो, डाळ भात मासे, आतड्यातली रोगप्रतिकार यंत्रणा त्यातल्या प्रत्येकाला ओळखून ठेवते की हे आपलं, याला काही करायचं नाही. अशी शांतता राखणाऱ्या खास पेशी असतात, त्या नव्या अन्नासाठी तिथेच तयार होतात. आता नेमकं त्याच वेळी आतड्यात व्हायरसशी मारामारी चालू असेल, इंटरफेरॉन (व्हायरसशी लढताना शरीर सोडतं ते रसायन) सुटलेलं असेल, तर त्या शांत पेशी तयार होत नाहीत आणि त्याच घासाबद्दल लढणाऱ्या पेशी तयार होतात. दरोडेखोर घरात शिरलेले असताना दारात आलेल्या पाहुण्यालाही काठी बसावी तसं. व्हायरस आठवड्याने निघून जातो, पण पाहुण्याबद्दलचा राग राहून जातो. आणि गव्हाच्या बाबतीत तो राग धरायला ते डीक्यू २ किंवा डीक्यू ८ लागतात, म्हणून बाकीच्या मुलांना तोच व्हायरस होऊन काही होत नाही.

हे झालं उंदरांत. माणसांत असं मुद्दाम करून बघता येत नाही, त्यामुळे वाट बघावी लागते. नॉर्वेत ती बघितली, आणि मला ते काम फार आवडतं कारण त्यात आईबापांनी दर महिन्याला बाळाची शी पाठवलीय, तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत! जीन असलेली २२० मुलं, त्यातल्या २५ जणांना पुढे सिलिॲक झाला, आणि मग आधीचे साठवलेले नमुने काढून बघितले. आजार झालेल्यांच्या ४२९ नमुन्यांपैकी ८४ मध्ये एन्टेरोव्हायरस (आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंचा एक गट) सापडला, न झालेल्यांच्या ८५५ पैकी १२९ मध्ये. म्हणजे २० टक्के आणि १५ टक्के. फरक आहे, पण बघा किती लहान आहे, न झालेल्या मुलांतही तोच व्हायरस भरपूर सापडलाय. गहू सुरू झाल्यानंतरचं इन्फेक्शन धरलं तर संबंध दिसला, आधीचं धरलं तर नाही, हे उंदरांच्या गोष्टीशी जुळतं. ॲडेनोव्हायरस या दुसऱ्या विषाणूचा काहीच संबंध निघाला नाही. २०१९ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलं हे.

आणि रोटा. अमेरिकेत डेन्व्हरला जीन असलेल्या मुलांना जन्मापासून धरून ठेवलं होतं, २००६ मध्ये त्यांनी सांगितलं की रोटा जितक्या जास्त वेळा झाला तितकी सिलिॲकची अँटिबॉडी दिसण्याची शक्यता वाढत गेली. म्हणजे ताई, तुमच्या मनात आलं ते वेडेपणाचं नाही. पण डोस राहिला म्हणून आजार झाला एवढी सरळ रेघ यातून ओढता येत नाही, कारण जीन नसते तर चार वेळा रोटा होऊनही तिला सिलिॲक झाला नसता, आणि रोटा नसता झाला तरी पुढच्या दोन वर्षांत अंगणवाडीत, पाळणाघरात, वाढदिवसाला, कुठला ना कुठला एन्टेरोव्हायरस भेटलाच असता. ज्या महिन्यात तुम्ही दार लावून बसलात तेव्हा बाहेर काय चाललं होतं ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय. मीही तेव्हा बाहेर पडले नव्हते.

गोदाकाठ

माझा प्रश्न जरा उलटा आहे, कोणी रागावू नका. ही रोटाची लस म्हणजे जिवंतच व्हायरस असतो ना, थेंब पाजतात तो? मग व्हायरसने सिलिॲक होतो म्हणता तर थेंबांनीपण होऊ शकेल की. माझ्या बहिणीचं बाळ आता दीड महिन्याचं होईल, तिच्या सासरी आधीच लसीला नाक मुरडतात.

सूक्ष्मजीवी

रागावण्यासारखं काही नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. जिवंत असतो पण अशक्त केलेला. फिनलंडमध्ये लसीच्या मूळ चाचणीतली मुलं अकरा ते चौदा वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठून विचारलं. ज्यांना तेव्हा नुसते खोटे थेंब मिळाले होते त्यांच्यात सिलिॲक १.११ टक्के, ज्यांना खरी लस मिळाली त्यांच्यात ०.६० टक्के. जवळजवळ निम्मं. म्हणजे झालाच तर फायदाच. बहिणीला सांगा डोस अजिबात चुकवू नकोस. आणि सिलिॲक बाजूला ठेवा, नुसत्या जुलाबांसाठी म्हणूनच ती लस लाखमोलाची आहे. आता सरकारी लसीकरणात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना फुकट मिळते.

बालडॉक_सोलापूर

याला शंभर टक्के दुजोरा. माझ्या वॉर्डात थंडीत रोटाची पोरं एका खाटेवर दोन-दोन असायची, ते दिवस मी विसरलेलो नाही. एकच सांगतो, थेंब दिल्यावर बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल, शीतून लालसर जेलीसारखं रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. आतड्यात आतडं अडकणं क्वचित होतं, पण ओळखायला आईला माहीत असलेलं बरं.

माळव्यातला_बाबा

इंदूरहून लिहितोय. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, अडीच वर्षांचा असताना त्याला सिलिॲक निघाला. त्याला रोटा झालाच नव्हता, निदान आम्हाला तरी कळला नाही, साधी सर्दी-तापसुद्धा फार नसायची. आमच्याकडे व्हायरस नाही तर बायकोने स्वतःला दुसरं कारण शोधलं, गरोदरपणात खाल्लेल्या अँटिबायोटिकचं. दीड वर्ष ती तेच उगाळत होती, आणि मी कामाला निघून जायचो हे मला आज खूप लागतं. ताई, तुमच्या मिस्टरांना हा धागा वाचायला द्या.

कामाच्या गोष्टी सांगतो, डॉक्टरांकडून कळल्या नाहीत अशा.

हिंग. डब्यातला बांधानी हिंग घेतो ना आपण, त्यात मैदा असतो. आमची टीटीजी आठ महिने खाली येईना, पोळी बिस्कीट सगळं बंद, काय चुकतंय कळेना, आणि रोजच्या वरणाला फोडणी त्याच हिंगाची. आता तांदळाच्या पिठातला मिळतो तो आणतो, डब्यावर वाचून घ्या.

मग गिरणी. ज्वारी आपली चांगली, पण ती गिरणीत गव्हावर दळली की संपलं, त्या जात्यात आधीचं किती पीठ बसलेलं असतं. आम्ही गिरणीवाल्या काकांना हातापाया पडून सकाळी सगळ्यात पहिलं दळण घ्यायला लावलं, त्यावरही विश्वास बसेना म्हणून शेवटी घरघंटी घेतली. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठात असतो, सांडग्यात कोणी कोणी घालतं, विचारल्याशिवाय काही देऊ नका. पोळपाट-लाटणं त्याचं वेगळं, पिठाची चाळणी वेगळी. दुकानातल्या पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहिलेलं असेल तर त्यात किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं असा आपल्याकडे नियम आहे, तेवढं चालतं.

आणि जे चालतं ते पण बघा ना किती आहे. उपवासाचं जवळजवळ सगळं चालतं, साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. आमच्या घरी एकादशी त्याच्या आवडीचा दिवस आहे. इंदूरचे पोहे चालतात, सोबतची जिलेबी नाही, पहिलं वर्ष तो जिलेबीसाठी रडायचा, मग बायकोने तांदळाच्या पिठाची करायला शिकून घेतली. वजन सहा महिन्यांत साडेतीन किलो वाढलं होतं. तुमच्या मुलीचंही वाढेल, चिडचिड तर त्याच्याही आधी जाते, आमचा पंधरा दिवसांत हसायला लागला होता.

दोन_पिल्लांची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. मी सगळं दोन-दोनदा वाचलं, मिस्टरांनाही वाचायला दिलं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही दोघांनी टीटीजी केली. माझी नॉर्मल आली. मिस्टरांची पॉझिटिव्ह आली. त्यांना वर्षानुवर्षं तोंड येतं, हिमोग्लोबिन कधी अकराच्या वर गेलं नाही, आम्ही म्हणायचो डबा वेळेवर खात नाहीस म्हणून. पुढच्या बुधवारी त्यांची एन्डोस्कोपी आहे, तोवर पोळी चालू ठेवलीय.

रिपोर्ट आला त्या रात्री सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या यालापण संग्रहणी झाली होती, दोन वर्षांचा असताना, गावात जुलाबाची साथ आली होती आणि त्यानंतर हा वाळतच गेला, हेच पोट, हेच हातपाय. वैद्यांनी सहा महिने नुसत्या ताकभातावर ठेवलं होतं आणि सुधारला. मग परत पोळीवर आला आणि सगळे विसरून गेले. सांगता सांगता रडायला लागल्या. मला म्हणाल्या मला तेव्हा माझ्या सासूने बोल लावला होता की तुझं दूध बाधलं. आम्ही दोघी किचनमध्ये बसून होतो कितीतरी वेळ. आता मुलीच्या भाकऱ्या त्याच थापतात, मला हात लावू देत नाहीत.

धाकट्याला रोज चमचाभर वरण-पोळी देतेय, एचएलए पाठवलीय, रिपोर्ट यायचाय. हिंगाचा डबा बघितला, मैदाच होता, टाकला. मुलीचं वजन पाऊण किलो वाढलंय.

एक विचारायचं होतं, घरघंटी एक एचपीची पाच माणसांच्या दळणाला पुरते का, आणि ज्वारी त्यात बारीक निघते का?

माळव्यातला_बाबा

एक एचपी पुरते. ज्वारीला बारीक जाळी लावा, सोबत चार-पाच जाळ्या येतात. आणि घरी बसवायला येणारा माणूस गहू दळूनच मशीन दाखवतो, त्याला आधीच फोनवर सांगा की तांदूळ दळून दाखव. तरी दुकानात आधी कोणी चालवून बघितलेली असू शकते, म्हणून पहिल्या दिवशी दोन किलो तांदूळ दळा, ते पीठ पोरीला देऊ नका, जाळी-ब्रश सगळं पुसून घ्या, आणि मग तिची ज्वारी टाका. मिस्टरांचं बुधवारी काय झालं ते कळवा.